वाळायला वेळ लागतो

डॉक्टर मिणचेकर बाई म्हणाल्या, जवस खा.
मी विचारलं, तेल कुठलं निघतं त्याचं?
बाई म्हणाल्या, तेच, रंगात घालतात ते.

म्हणजे बेलतेल!
चाळीस वर्षं कोपरापर्यंत माखून घेतलं
आणि बेलाचं समजत आलो, महादेवाचं.

या दवाखान्याची पाटीसुद्धा त्याच तेलातली,
गंगावेशेत, बाईंच्या वडिलांच्या नावाची.
पिवळ्यावर काळी अक्षरं,
‘वेळ सकाळी’ मधल्या दोन्ही ‘ळ’ना मी सावली दिलीय.
रोज वर बघत बाई आत जातात,
पेंटर समोर बसलाय हे त्यांना ठाऊक नाही.
मीही बोललो नाही.
कागदावर दोनशे साठचा आकडा होता,
अशा वेळी कसली ओळख काढायची.

भाजा, कुटा, म्हणाल्या.
अख्खे गिळाल तर अख्खेच बाहेर पडतील.
रोज एक चमचा, वर पाणी भरपूर.
आणि गोळी सोडायची नाही,
जवस गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागी नाही.
तांबडा रस्सा?
बाईंनी आधी माझ्या पोटाकडे बघितलं,
मग कॅलेंडरकडे.

लक्ष्मीपुरीत पाव किलो मागितले.
दुकानदार म्हणाला, कुणाला, म्हशीला?
म्हशीला पेंड असते हो जवसाची,
अंगावर कशी चकाकी येते बघा.
म्हटलं, मला आतनं पाहिजे चकाकी.

घरी तवा ठेवला तर अक्काताई आली.
‘सरका, मी भाजतो. तुमी जाळून टाकशीला.’
दाणे तडतडले, उडाले,
एक माझ्या चष्म्यावर बसला
आणि वास आला.

तो वास.
टॉकीजमागची पत्र्याची शेड,
जमिनीवर पसरलेलं तीस फुटी कापड,
नायिकेच्या गालावर उकिडवा बसून
मी तिची पापणी ओढतोय,
तिकडे हनुवटीपाशी मौला शिकलगार
रात्रीचा उरलेला मटणाचा डबा उघडतोय.
तेलाचे बोळे पाण्यात टाक रे, ओरडायचा,
ढिगात राहिले तर आपोआप पेटतात.
बोळ्यांची एवढी काळजी.
बावन्नाव्या वर्षी छाती धरून शिडीवरनं उतरला
आणि खालच्या पायरीवर बसला तो बसलाच.
ब्रश हातातच होता, निळा.

खलबत्त्यात लसूण, मीठ, लाल तिखट.
चटणी तशी बरी लागते,
दाताखाली जराशी बुळबुळीत,
भाकरीबरोबर तक्रार नाही.
पहिला गुण पाचव्या दिवशी पहाटे आला.
सांगण्यासारखा नाही,
पण ज्यांना रोज तासभर बसावं लागतं
त्यांना सांगतो : दहा मिनिटं.

तीन महिन्यांनी आकडा दोनशे पाच.
बाई म्हणाल्या, गोळी, जवस, चालणं,
आणि रस्सा सोडलात, सगळ्याचं मिळून.
अक्काताई म्हणते, माझी चटणी.
मी दोघींपुढे मान हलवतो.

काल बाई म्हणाल्या,
पाटीवर बाबांच्या खाली माझं नाव टाकायचंय.
कुणी पेंटर आहे का ओळखीचा?
नाहीतर फ्लेक्सवाला तासाभरात देतो म्हणालाय.

आता मात्र बोललो.
बाई, त्या पाटीत जवस आहेत.
ऊन खाऊन नाही वाळत तो रंग,
हवा पीत पीत आतनं घट्ट होतो.
घाई केली की वर साय धरते
आणि खाली ओलाच राहतो.

आठ दिवस लागतील.
हात थोडा कापतो, म्हणून दहा धरा.

बाई हसल्या, म्हणाल्या, दहा दिवस?
म्हटलं, मला तुम्ही तीन महिने सांगितले होते.

शिडी मौलाची आहे, माळ्यावर.
खालची पायरी तेवढी बदलून घेतो.